बुदे जिगे: थोडी भर
बुदे जिगे म्हणजे सॉसेज, नूडल्स वगैरे घातलेला कोरियन रस्सा. त्याला कुणीतरी "सॉसेज घातलेली मॅगीच की ती!" म्हटलेलं वाचून हसू आलं. पण बुदे जिगे खायचं तर उईजॉंगबूला, सोलच्या उत्तरेला. तिथल्या 'ओदेंग शिकदांग'मध्ये गेलो होतो. १९६० पासूनचं दुकान, बाहेर ही रांग! ओदेंग म्हणजे फिशकेक. सुरुवात त्याच्या टपरीपासून झाली, म्हणून नाव तेच राहिलं. अमेरिकन छावणीतून आलेलं स्पॅम (डब्यातलं डुकराचं मांस), सॉसेज मालकीणबाई आधी नुसतं परतून द्यायच्या. गिऱ्हाइकांना भाताबरोबर रस्सा हवा झाला, तेव्हा त्याचं जिगे झालं. पातेलं टेबलावरच रटरटत असतं. नूडल्स अगदी शेवटी टाका, नाहीतर सगळा रस्सा पिऊन टाकतात. आणि त्यातली किमची (आंबवलेला तिखट कोबी) मुरलेली, चांगली आंबट हवी. ताजीने ती चव येत नाही. (शाकाहाऱ्यांनो, क्षमस्व.)