मदत हवी आहे: दुब्रोवनिक, आईचे गुडघे आणि शहराचा तट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन क्रोएशियाला जायचं ठरलंय. विमान स्प्लिटला उतरेल, मुख्य मुक्काम दुब्रोवनिकला. हा सगळा घाट आईसाठी. ती मूळची कुंभारजुव्याची, शाळेत इतिहास शिकवायची. शेजारच्या गवंडाळीतलं साव ब्राजचं चर्च तिने लहानपणापासून पाहिलेलं. गोव्यात व्यापाराला आलेल्या रागुझाच्या, म्हणजे जुन्या दुब्रोवनिकच्या, लोकांशी ते चर्च जोडलं जातं. साव ब्राज, म्हणजेच संत ब्लेझ, हा दुब्रोवनिकचा रक्षणकर्ता संत. तिथल्या चर्चमध्ये त्याची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची मूर्ती आहे. तिच्या हातात अख्ख्या शहराची प्रतिकृती आहे, १६६७च्या भूकंपाने गाव जमीनदोस्त होण्याआधीची. ती मूर्ती आईला डोळे भरून बघायची आहे.

अडचण अशी की आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर छान चालते, जिने मात्र कठडा धरून, सावकाश. जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीवरून पूर्ण फेरी जवळपास दोन किलोमीटरची आणि पायऱ्या हजाराच्या आसपास असं वाचलं. तिला तटावर न्यावं का? राहायला तटाच्या आत घर घ्यावं की बाहेर? बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यांच्या जेवणाचं काय? आणि एक दिवस माँटेनेग्रोतल्या कोटोरला जाऊन यायचा विचार आहे. आमचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरता येणारा आहे.

प्रतिसाद १

कोटोरचा बेत आधी रद्द करा. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. सीमा ओलांडलीत की तुमची एंट्री संपली, परत आत घेणार नाहीत. मोस्तार गावी जायचं मनात असेल तर त्याचंही तेच, ते बोस्नियात. स्प्लिटहून येतानाही हेच लक्षात ठेवा. पूर्वी त्या रस्त्यावर बोस्नियाचा नेउमचा पट्टा ओलांडावा लागायचा. २०२२मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि सगळा रस्ता क्रोएशियातून जायला लागला. तरी काही बस अजून नेउमवरून जातात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ही बस पुलावरून जाते ना, हे स्पष्ट विचारा.

तटाच्या आत राहू नका. स्त्रादून हा मुख्य रस्ता सपाट आहे, पण त्याच्या उत्तरेच्या गल्ल्या म्हणजे नुसते उभे जिने, आणि भाड्याची बरीच घरं त्याच गल्ल्यांत. सामान घेऊन चढताना तुमचीच दमछाक होईल, आईंची तर बातच सोडा. लापाद भागात राहा. तिथून ६ नंबरची बस थेट पिले दरवाजापाशी, म्हणजे जुन्या गावात शिरायच्या दरवाजापाशी सोडते.

प्रतिसाद २

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून तटाबद्दल सांगते. तटावर एकाच दिशेने चालायचं असतं. पिलेकडून चढलात तर आधी समुद्राकडची बाजू लागते, मग जुनं बंदर, आणि सगळ्यात उंच मिन्चेता बुरूज शेवटी. बंदराजवळ सेंट जॉन किल्ल्यापाशी खाली उतरता येतं, म्हणजे मिन्चेताची चढण टळते. पण पिलेचा पहिलाच जिना उभा आहे आणि पुढेही चढउतार आहेतच, सावली जवळजवळ नाही. माझं मत विचाराल तर आईंना तटावर नेऊ नका.

त्याऐवजी केबल कारने सर्ज डोंगरावर न्या. चारशे मीटर उंचीवरून अख्खं गाव खाली दिसतं. कौलं नीट बघा: फिकट, डागाळलेली ती जुनी, आणि लालभडक ती क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या १९९१-९२च्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. इतिहासाच्या बाईंना हे दाखवाच. वरच्या किल्ल्यात त्या युद्धाचं संग्रहालयही आहे. मात्र केबल कारच्या खालच्या स्टेशनापर्यंत जुन्या गावातून बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा तिथवर टॅक्सीच करा. वारा जोराचा असला की केबल कार बंद ठेवतात, म्हणून हे शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! कोटोर रद्द. आईला तटाचं सांगितलं. थोडी हिरमुसली, पण कौलांचं ऐकून लगेच नकाशा काढून बसली. बाबांच्या जेवणाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

मीही शाकाहारी, काळजी करू नका. ब्लित्वा म्हणजे पालकासारखी पालेभाजी, बटाटा-लसूण घालून, ऑलिव्ह तेलात केलेली. ती माशासोबत देतात, पण नुसती मागितली तरी मिळते. रिझोट्टोपासून मात्र सावध. नावात भाजी असली तरी भात बऱ्याचदा माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो, आणि काळा रिझोट्टो तर माकुळाच्या शाईचाच. ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं. ‘बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया’ एवढं पाठ करून ठेवा: मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. गुंदुलिच चौकात सकाळी बाजार भरतो, तिथे अंजिरं आणि संत्र्याच्या सालीची साखरेतली मिठाई घ्या. पाणी विकत घेऊ नका, पिले दरवाजातून आत शिरताच ओनोफ्रिओचं मोठं कारंजं आहे, त्याच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे.

आणि एक. स्त्रादूनची फरशी घासून घासून आरशासारखी झाली आहे, पाऊस पडला की पाय सटकतो. आईंना रबरी तळव्याचे बूट घालायला सांगा. शक्यतो सकाळी आठच्या आत पोचा, क्रूझची गर्दी शिरली की तिथे धड चालताही येत नाही.