लेव्हिटाउनचं घर माजी सैनिकाला परवडलं कसं, आणि काळ्या सैनिकाचा अर्ज अडला कुठे?

वाटसरू
युद्धानंतरच्या अमेरिकी उपनगरांबद्दल वाचताना दोन ठिकाणी अडतोय. १९३० च्या आसपास साध्या नोकरदाराला घर घेणं अवघड होतं, मग १९४९ मध्ये तरुण माजी सैनिकाला जवळजवळ काही न भरता ते कसं मिळालं? दुसरं म्हणजे, माजी सैनिकांना घर-शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या जीआय कायद्यात वंशाचा उल्लेख नाही, तरी काळे सैनिक बाहेर राहिले. ते नेमके कोणत्या टेबलावर अडले? ‘वंशभेद होता’ हे माहीत आहे. कागद कुठून कुठे जायचा ते सांगा.

हप्तेवारी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरात नाही, कर्जाच्या रचनेत आहे.

१९३४ पूर्वीचं नेहमीचं गृहकर्ज तीन ते पाच वर्षांचं असे. किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळायची, बाकीची स्वतःची घालायची. दरमहा बहुतेक नुसतं व्याज जायचं, मुद्दल तसंच राहायचं आणि मुदत संपली की एकरकमी द्यावं लागायचं. देता आलं नाही तर नवं कर्ज काढायचं. मंदीत बँकांनी नवं कर्ज देणं थांबवलं, आणि नियमित व्याज भरणाऱ्यांचीही घरं गेली.

१९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एफएचए) आलं. ते कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे, आणि विम्याचा हप्ता कर्जदाराकडून घेत असे. जोखीम गेली म्हटल्यावर बँका वीस वर्षांची मुदत द्यायला लागल्या. प्रत्येक हप्त्यात थोडं मुद्दल फिटायला लागलं.

जीआय कायद्याने यावर आणखी एक थर चढवला. व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (व्हीए) कर्जाच्या निम्म्या रकमेची हमी घेई. मर्यादा आधी २,००० डॉलर होती, १९४५ च्या दुरुस्तीने ४,००० झाली. व्याजाला ४ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट या बिल्डर कंपनीने वसवलेल्या लेव्हिटाउनमध्ये १९४९ चं घर ७,९९० डॉलरला होतं. निम्मे ३,९९५, म्हणजे हमीच्या मर्यादेत अगदी काठोकाठ. पूर्ण किमतीचं कर्ज ४ टक्क्यांनी २५ वर्षांसाठी धरलं तर महिन्याला सुमारे ४२ डॉलर बसतात. पहिल्या हप्त्यात व्याज साधारण २६.६० आणि मुद्दल साधारण १५.५०. कर आणि विमा धरूनही आकडा साठच्या आत राहतो. त्याच वसाहतीत १९४७ मध्ये भाडंच ६० डॉलर होतं. मग भाड्याने कोण राहील?

खडूफळा
किंमत इतकी खाली कशी आली, तेही जोडतो. तळघर काढून टाकलं. जमिनीवर थेट २५ बाय ३० फुटांचा काँक्रीटचा ओटा, म्हणजे ७५० चौरस फूट, आणि प्लॉट ६० बाय १०० फुटांचा. वरचा माळा अपुरा सोडलेला, खरेदीदाराने सवडीने पुरा करावा म्हणून. घर जागेवर आणि कामगार फिरते: एक टोळी फक्त एकच काम करून पुढच्या ओट्यावर जाई. लाकूड आधीच मापात कापून येई, रंग फवाऱ्याने मारत. वेग भरात असताना दिवसाला तीस घरं पुरी होत.

फटका बसला तो जमिनीखालून. ओट्यात गाडलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर तापवायची सोय होती. काही वर्षांनी नळ्या गळायला लागल्या की काँक्रीट फोडल्याशिवाय दुरुस्ती नाही, म्हणून अनेकांनी ती बंद करून दुसरी व्यवस्था बसवली. बचतीची किंमत नंतर मोजावी लागते ती अशी.

दप्तरदार
आता दुसरा प्रश्न. हप्तेवारींनी सांगितलेली गोष्टच इथे कळीची आहे: सरकार हमी देत होतं, घर नाही. हमी आणि सैनिक यांच्या मध्ये जे बसले होते त्यांनी निकाल लावला.

पात्रतेचा दाखला व्हीएकडून मिळे. तो काळ्या सैनिकालाही मिळत असे, कायदा इथपर्यंत समान. दाखला घेऊन जायचं खासगी बँकेत, आणि कर्ज द्यायचं की नाही ही बँकेची मर्जी. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा व्हीएची हमी असलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली होती २.

बँक राजी झाली तरी पुढे मूल्यांकन. एफएचएच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत ‘विसंगत’ वंशगट शेजारी आले तर जागेचा दर्जा खाली धरावा अशी सूचना होती आणि तसं होऊ नये म्हणून खरेदीखतात अटी घालण्याची शिफारस होती. बिल्डरच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. वसाहतीचा नकाशा आधी मंजूर झाला की त्या जोरावर बांधकामाला कर्ज मिळे. मंजुरी हवी तर अटी घाला. लेव्हिटच्या भाडेकरारात ‘कॉकेशियन’ (गोऱ्या वंशाचा) नसलेल्याला राहू देऊ नये असं कलम होतं, घरकामाला ठेवलेल्या नोकरांचा अपवाद करून.

शेवटचं टेबल विक्री कार्यालयाचं. तिथे कलमाचीही गरज नव्हती, नुसतं ‘नाही’ पुरायचं.

खडूफळा
एक भर. या विषयावर बोलताना सगळे ते नकाशे दाखवतात ज्यांत कर्जाला धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्या लाल रंगात आहेत. ते नकाशे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे, म्हणजे मंदीत अडकलेल्या घरमालकांना कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेचे, १९३० च्या दशकातले. त्या संस्थेने काळ्या घरमालकांनाही कर्ज दिलं होतं. उपनगरांच्या बाबतीत जास्त वजन एफएचएच्या स्वतःच्या नियमांचं आहे. नकाशा डोळ्यांना पटकन दिसतो, नियमपुस्तिका वाचावी लागते, म्हणून श्रेय नकाशाला जातं.

वाटसरू
पण १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी रद्द केल्या ना?

दप्तरदार
तसं नाही, आणि ही चूक बऱ्याच लेखांत दिसते. शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात न्यायालयाने म्हटलं ते एवढंच की अशी अट अमलात आणायला न्यायालयं मदत करणार नाहीत, कारण ती मदत म्हणजे सरकारी कृती आणि ती कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध. लोकांनी आपखुशीने पाळली तर त्या निकालाने आडकाठी नव्हती. एफएचएने १५ फेब्रुवारी १९५० नंतर नोंदवलेल्या अटी असलेल्या मालमत्तेला विमा देणं बंद केलं. आधीच्या नोंदींना तो नियम लागू नव्हता.

म्हणून त्याच कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये पहिलं काळं कुटुंब, मायर्स, ऑगस्ट १९५७ मध्ये आलं ते कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घर विकत घेऊन. घराबाहेर जमाव जमला, दगडफेक झाली, राज्य पोलीस बोलवावे लागले.

ज्यांना बँकच नव्हती त्यांना शिकागोसारख्या शहरांत ‘करारावर’ घर मिळे. दर महिन्याला पैसे विक्रेत्याला, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी त्याचीच. मधला एखादा हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि विक्रेता तेच घर पुढच्याला विकायला मोकळा. गहाणखतात प्रत्येक हप्त्याने मालकीतला आपला हिस्सा वाढतो, इथे तो शून्यच राहतो. पुढच्या पिढीच्या हाती काय आलं यातली मोठी तफावत इथून सुरू होते.

घरांच्या बाबतीत वंशभेदाला बंदी घालणाऱ्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या १९६२ च्या आदेशाची पकड मुख्यतः केंद्राची मदत घेणाऱ्या नव्या घरांवर होती. खासगी विक्रीतला बहुतेक भाग १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने आवाक्यात आला.

कोनाडा
बायकांचं राहिलं. नवरा-बायको दोघं कमावत असले तरी कर्जाच्या हिशेबात बायकोचा पगार अनेकदा निम्माच धरत किंवा धरतच नसत. मूल झालं की नोकरी सुटेल हे गृहीत. मूल होणार नाही याचं डॉक्टरांचं पत्र मागितल्याचेही दाखले आहेत. कर्ज देताना स्त्री आणि विवाहित असण्यावरून भेद करायला बंदी आली ती १९७४ च्या इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी कायद्याने. एकट्या बाईने घर घेण्याची आकडेवारी पाहताना हे साल खुणेला ठेवा, नाहीतर आधीचे आकडे ‘तिला घर नको होतं’ असे वाचले जातात.

वाटसरू
मूळ खरेदीखतं आज पाहता येतात का?

दप्तरदार
येतात. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदणी कार्यालयात विकणारा आणि घेणारा यांच्या नावांची सूची असते, तिथून पुस्तक आणि पान क्रमांक मिळतो. एका घराच्या खतात अट दिसली नाही तर थांबू नका. ती बहुधा संपूर्ण वसाहतीच्या स्वतंत्र ‘निर्बंधांच्या घोषणे’त असते आणि खतात फक्त ‘नोंदवलेल्या निर्बंधांच्या अधीन’ एवढंच असतं. नोंदीची तारीख १५ फेब्रुवारी १९५० च्या आधीची की नंतरची, ते आधी बघा.