मदत हवी आहे: लाल मिरचीवर फळकुज, लसणाचा अर्क चालेल का?

राम राम मंडळी. घरच्या तिखटापुरती 3 गुंठे मिरची आहे. हिरवी तोडत होतो तोवर काही नव्हतं. लाल व्हायला ठेवली, परतीचा पाऊस झाला आणि फळांवर खोलगट गोल डाग, आत काळ्या ठिपक्यांची कडी. फळकुजीची कोलेटोट्रायकम बुरशीच असणार.

कुजकी फळं वेचून लांब नेऊन पुरली. 5 टक्के निंबोळी अर्काच्या (5 किलो निंबोळ्या, 100 लिटर पाणी) दोन फवारण्या झाल्या. मावा गेला, डाग मात्र वाढतायत. वर्षभर खायचं तिखट, म्हणून रासायनिक नको वाटतं.

लसणाचा किंवा घाणेरीचा अर्क कुणी स्वतः वापरलाय का? 15 लिटरच्या पंपाला किती, आणि किती दिवसांनी? आठवड्यापूर्वी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) फवारलंय, तीही बुरशीच. लसणाने मरेल का? नुसतं ‘दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) मारा’ नका सांगू, प्रमाणही सांगा.