उत्तर: बारावीनंतरची कागदपत्रं – निकालाची वाट पाहू नका

वर विचारलंय, मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय, ओबीसी आहोत, कागदपत्रं निकालानंतर काढली तर चालतील का? कृपया तेवढं थांबू नका.

सगळ्यात वेळ खाते जात पडताळणी. जातीचा दाखला वेगळा, वैधता प्रमाणपत्र वेगळं. दुसरं जिल्हा पडताळणी समितीकडून मिळतं. बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात (एससी असाल तर १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटी म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१). आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यासाठी उत्तम, पण जुन्या रजिस्टरात आडनाव किंवा जात वेगळी लिहिलेली निघते आणि अर्ज त्रुटीत अडकतो. म्हणून उतारा आधी आणा, वंशावळीचं शपथपत्र त्यावरून करा.

नॉन-क्रिमीलेअर म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचं तसंच जोडलं तर प्रवेशावेळी नाकारतात. तीन वर्षांचा उत्पन्नाचा पुरावा दिलात तर तीन वर्षांसाठी मिळू शकतं.

मूळ शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो, त्याआधी चार-पाच झेरॉक्स आणि स्कॅन ठेवा.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मात्र वेगळ्याच कारणाने अडते. खात्याला आधारची केवायसी असणं पुरेसं नाही, थेट लाभासाठी ते खातं आधारशी सीडिंग केलेलं (म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारला जोडलेलं) लागतं. पैसे सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं तिथेच जातात, त्यामुळे मुलीचं दुसरं जुनं खातं असेल तर बँकेत जाऊन आजच तपासा.