इमारतीकडे कललेला गुलमोहर टेम्पोने ओढून पाडायचा का?

नौपाडाकर:
चार मजली सोसायटी, ठाणे. भिंतीपासून ३ मीटरवर साधारण १२ मीटर उंच गुलमोहर, कल इमारतीकडे. बुंध्याशी आळंबी उगवली आहे. ठेकेदार म्हणतो, शेंड्याला दोर बांधू, बुंधा कापू, रस्त्यावरून टेम्पोने ओढू. चालेल का?

करवत_पाचर:
अजिबात नाही. झाडाला दिशा देते ती, पाडायच्या बाजूला बुंध्यात घेतलेल्या खाचेमागे न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी. ती व्यासाच्या साधारण १० टक्के ठेवतात आणि पडताना बिजागरीसारखी वळते. आळंबी म्हणजे आतलं लाकूड कुजलेलं. तिथे पट्टी वळत नाही, तुटते, आणि झाड कलाकडेच जातं. दोर ताणलेला असला तरी बुंधा बाजूला फिरतो. शिवाय दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटा येतो.

शेंड्याकडून तुकडे करत खाली या. ४० सेंटिमीटर जाडीचा, १ मीटर लांबीचा ओला ओंडका १०० किलोच्या घरात जातो. दोरावर अर्धा मीटर जरी मोकळा पडून हिसकला, तरी जोर वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणून तुकडे लहान. फांदी कापताना आधी खालून एक तृतीयांश, मग थोडं पुढे वरून. नाहीतर साल सोलत फांदी बुंध्यावर आपटते.

हिरवी_गल्ली:
वरचं बरोबर, पण या झाडावर माणूस चढवू नका. बेल्ट कुजक्या बुंध्यालाच अडकवला तर उपयोग काय? बूम लिफ्टमधून (गाडीवरच्या उंच जाणाऱ्या पाळण्यातून) कापा, मोठे तुकडे क्रेनच्या पट्ट्यात धरा. सर्व्हिस वायर (खांबावरून इमारतीत येणारी विजेची तार) जवळ असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या. वायरवरचं प्लास्टिक म्हणजे संरक्षण नव्हे. पार्किंग रिकामं करा. तुकडे पाडत असताना खाली कोणीही नको, वॉचमनसुद्धा.

नौपाडाकर:
आणि खोड? जेसीबीने उपटायचं?

हिरवी_गल्ली:
नको. ३ मीटरवर मुळं प्लिंथखाली (इमारतीच्या जोत्याखाली) गेलेली असू शकतात, गॅस-पाण्याच्या लाइनही तिथेच. जमिनीलगत कापून ठेवा. आणि परवानगीचा कागद नीट वाचा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालच्या परवानगीत छाटणी आणि तोडणी वेगळी. कागदावर छाटणी असेल तर बुंध्याला करवत लावायची नाही, आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे नवा अर्ज.