संथाळ धनुष्य: शिकार थांबली तर कारागिरीचं काय?

जुगसलाईकर: 'संथाळांचं धनुष्य म्हणजे वाकवलेला बांबू, शिकारबंदीत संपलं तर बिघडलं काय?' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. टाटानगरात, म्हणजे जमशेदपूरला, वाढलोय मी. धनुष्याचा दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच पातीची! ती पाती एकसारखी तासायला हात लागतो. आमचे संथाळ आदिवासी शेजारी तासायला बसले की कुणाशी बोलत नसत. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचा बाण, मोठ्या जनावरासाठी लोहाराने घडवलेलं पातं. हे 'वाकवणं' आहे?

रानपाखरू: कारागिरी मान्य. पण शिकारबंदीचा कायदा १९७२ पासून आहे. तरी बुद्धपौर्णिमेला बंगालमधल्या पुरुलियाच्या अयोध्या डोंगरावर शिकारीला माणसं चढतात. एप्रिल २०१८ मध्ये लालगढच्या जंगलात शिकारीच्या हंगामातच वाघ मारला गेला. त्याचं काय?

जुगसलाईकर: एका वाघापायी अख्खी जमात आरोपी? सेंद्रा, म्हणजे त्यांची वर्षातली सामूहिक शिकार, ही नुसती शिकार नव्हे. दिहरी (शिकारीचा पुजारी) पूजा करतो, रात्री लो बीर बैसी (जंगलातली पंचायत) बसते, गावात न मिटलेले तंटे तिथे मिटतात. खाणींनी जंगल खाल्लं, त्यावर कधी लिहिणार?

नेमबाज_नाशिक: संथाळ अंगठा न लावता बाण सोडतात, एकलव्याच्या आठवणीने. हेही लिहा कुणीतरी.

रानपाखरू: ऑलिम्पिकचे खेळाडूही तीन बोटांनीच दोरी ओढतात, अंगठा लागत नाही. त्यांनीही गुरुदक्षिणा दिली का?

नेमबाज_नाशिक: लोकांच्या श्रद्धेची टिंगल करू नका!

जुगसलाईकर: एकलव्य इथे कशाला? हूल, म्हणजे संथाळांचा उठाव, १८५५ची. सिदो-कान्हूंच्या माणसांनी हीच धनुष्यं घेऊन कंपनीच्या बंदुकांना तोंड दिलं. अभिमानाला तेवढं पुरे.

आईतिरंदाजाची: ऑलिम्पिक निघालंच आहे तर ऐका. घाटशिलाजवळच्या संथाळ गावातली तिरंदाज लक्ष्मीराणी ('माझी' हे तिचं आडनाव) २०१६ ला रिओत खेळली. माझी मुलगी बांबूच्या धनुष्यावर उत्तम नेम मारायची. निवड चाचणीत मात्र महागडं रिकर्व्ह धनुष्य लागतं, ते कुठून आणू? गुणी मुलं तिथेच गळतात, आणि तुम्ही अंगठ्यावर भांडताय.

रानपाखरू: ताई, हे खरं आहे. आणि बैसी, पूजा यांना माझा विरोध नाही. नेम धरायचाच तर खांबावर धरा.

जुगसलाईकर: तो खेळ त्यांच्यात आहेच, सकरातला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीचा, बेझा. खांब रोवून त्यावर बाण मारतात. धनुष्य त्याने टिकेल, एवढं मानतो. पण सेंद्र्यात काय सोडायचं ते दिहरी आणि गावकरी ठरवतील, पुण्यात बसलेले आपण नाही.

रानपाखरू: जनावरावर बाण सुटला की मी पुन्हा लिहिणार.