पालथं पडायची सवय

एकाने लिहिलंय की तालमीत कुस्ती खेळून अंग कमावलेल्याला ज्यूदो जड जात नाही, शेवटी दोन्हीकडे समोरच्याला पाठीवरच टाकायचं असतं. उभ्याने खेळताना हे पटतं. आमच्या सोलापुरात तीन वर्षं लाल मातीत घोटलेली धोबीपछाड मला ज्यूदोत सेओई नागे (पाठीवरून फेकायचा डाव) म्हणून जवळपास आयती मिळाली, फक्त दंडाऐवजी ज्यूदोच्या कोटाची बाही धरायची. (तो कोट म्हणजे सोलापुरी चादरच शिवून अंगावर घातल्यासारखा. मे महिन्यात ४२ डिग्रीत घालून बघा.)

घोळ होतो खाली गेल्यावर. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून खाली आलो की अंग आपोआप पालथं होतं, हनुवटी छातीशी, हात मातीत रोवलेले. ज्यूदोत पहिल्याच आठवड्यात असाच पालथा पडलो आणि माझ्यापेक्षा १२ किलोने हलक्या पोराने मागून माझीच कॉलर गळ्याभोवती आवळली. कुस्तीत गळा आवळायला बंदी, ज्यूदोत तो रीतसर डाव! हार मानायला हाताने थाप मारायची असते हेही मला सुचलं नाही, सरांनीच सोडवलं. उलट तिथे नुसती पाठ टेकली म्हणून खेळ संपत नाही. ताबा ठेवून जोरात पाठीवर आपटलं तर इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत तिथेच खलास, नाहीतर २० सेकंद दाबून धरा. पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवायचं, हे डोक्याला लगेच कळलं, अंगाला कळायला वर्ष गेलं. बाथरूममध्ये घसरलो तरी मी अजून पालथाच पडतो.